आष्टीत रेंज येते का

परतूर तालुक्यातल्या आष्टी परिसरात एखादे यंत्र चांगले की वाईट हे ठरवताना पहिला प्रश्न विजेचा असतो: लाइट नसताना ते किती वेळ चालते? दुसरा प्रश्न, बिघडले तर कुठे नेऊन दुरुस्त करायचे? ते काय काय करते, हा त्यानंतरचा मुद्दा. ही पारख मोबाइलच्या आधीची आहे. तिची सुरुवात रेडिओपासून होते.

हा मुलूख सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे परतूर तालुका परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा त्यात आला. खेड्यापाड्यांत ट्रान्झिस्टर पोचला तो बरेचदा लग्नात, घड्याळ आणि सायकलीच्या जोडीने. त्याचा परवाना पोस्टात काढावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरावे लागे. १९८०च्या दशकात ही पद्धत बंद झाली. ठाण्यात तयार होणारा मर्फी चांगला की फिलिप्स, यावर पारावर वाद होत, पण खरी चर्चा सेल किती दिवस पुरतात याची. उतरलेले सेल उन्हात ठेवून आणखी दोन-चार दिवस ओढायचे, ही युक्ती घरोघर ठाऊक होती.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले, तरी मराठवाड्याच्या खेड्यांना चित्र दिसायला पुष्कळ वर्षे गेली. जानेवारी १९८७मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा मोजक्या घरांत ब्लॅक अँड व्हाइट संच होते. रविवारी सकाळी लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणत आणि संच तिच्यावर चालवत. जो संच बॅटरीवर चालतो तो घ्यावा, हे मत तिथून पक्के झाले.

दूरध्वनी त्यामानाने उशिरा आला. १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे स्वयंचलित एक्स्चेंज बनवले. ते वातानुकूलनाशिवाय, उन्हाधुळीत टिकावे असे होते, म्हणजे आष्टीकरांचाच निकष दिल्लीच्या अभियंत्यांनी मान्य केला म्हणायचा. त्यामागोमाग पिवळ्या पाटीचे एसटीडी पीसीओ उभे राहिले. काचेच्या खोलीत बोलणाऱ्याची नजर समोरच्या लाल आकड्यांवर असे. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाशी बोलायचे तर जेवणखाण आटोपून बूथवर जायचे.

खेळाचे यंत्र आले ते जत्रेतून. निन्टेन्डोने १९८३मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला भारतात लिटल मास्टरसारख्या नावांनी विकल्या जात. शहरात ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ घरच्या टीव्हीवर चालले. लहान गावांत त्याहून जास्त पसरला तो हातात मावणारा, विटा रचायचा सेलवरचा गेम. त्याच्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ बोटावर मोजण्याइतके, बाकी सगळा वेगाचा आणि पातळ्यांचा फरक. पोरांना ही फसवणूक दोन दिवसांत कळे, पण त्याबद्दल तक्रार नसे. तक्रार असे ती सेल संपल्यावर.

मोबाइलची लाट २००३नंतरची. त्या वर्षी १ मेपासून इनकमिंग फुकट झाले आणि वर्षअखेरीस नोकियाचा ११०० बाजारात आला. त्याला रंगीत पडदा नव्हता, कॅमेरा नव्हता. धूळ आत जाऊ नये असा अखंड कीपॅड होता आणि डोक्यावर टॉर्च होता. याच काळात ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन बारा-बारा तासांवर गेले. कृषिपंपाची लाइट रात्रीची येई, तेव्हा दारे धरायला निघालेल्या शेतकऱ्याला फोनपेक्षा टॉर्चच उपयोगी पडे. जगभर पंचवीस कोटींहून अधिक विकला गेलेला हा फोन खेड्यात अजूनही ‘दगड’ म्हणून ओळखला जातो, आणि हे नाव कौतुकाचे आहे.

फोन आला तरी रेंज येईलच असे नव्हते. मग गावागावात रेंजच्या जागा ठरल्या: देवळाचा ओटा, माळवदाचा कोपरा, पाण्याच्या टाकीचा जिना. कंपनीचे नाव जाहिरातीवरून कोणी निवडत नसे. कोणाच्या टॉवरची रेंज आपल्या शेतात येते, एवढेच विचारले जाई. दर मिनिटाला पैसे मोजावे लागत तोवर ‘मिस कॉल मारणे’ हीच मोठी सेवा होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे परत फोन कर, असे संकेत ज्याच्या त्याच्या घरात ठरलेले. जून २००९मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला, इतर कंपन्यांना मागे यावे लागले आणि मिस कॉलचे महत्त्व हळूहळू उतरले.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. परतूर, मंठा, घनसावंगी भागातल्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला असेल तर सिमचे मंडल तेच; कर्नाटकात गेले की रोमिंग लागे आणि गावाकडून आलेला फोन उचलला तरी बॅलन्स कापला जाई. कोपीत लाइट नसे. फोन चार्ज करायला चहाच्या टपरीवर पाच-दहा रुपये द्यावे लागत. अशा ग्राहकाला बॅटरीची जाहिरात पटणारच. मायक्रोमॅक्सने २००८मध्ये एक्स१आय हा फोन महिनाभर बॅटरी टिकते असे सांगून विकायला काढला. बंगालमध्ये ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ पाहून ही कल्पना सुचली, असे कंपनीचे एक संस्थापक राहुल शर्मा सांगत आले आहेत. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ‘रामायण’ पाहिलेल्यांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

पाठोपाठ चायना मोबाइल आला: दोन सिम, मोठा स्पीकर, किंमत निम्मी. शहरी माणसाने त्याला नावे ठेवली, खेड्यात मात्र एका शेतातून दुसऱ्या शेतात गाणे ऐकू जाते हा त्याचा गुण मानला गेला. ओळखक्रमांक नसलेले असे फोन १ डिसेंबर २००९पासून बंद पाडण्याचा आदेश निघाला. त्याआधी दोनशे रुपयांच्या आत रीतसर आयएमईआय टाकून देण्याची सोय झाली होती, त्यामुळे पुष्कळ फोन वाचले. रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. इंटरनेट काय असते हे कळण्याआधी त्यातला माल असा दहा-वीस रुपयांत गावात पोचला होता. दुकानदार शहरातून उतरवून आणी आणि गिऱ्हाइकाच्या आवडीने लोकगीते, भजने, सिनेमे वाटी.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाले आणि मार्च २०१७अखेरपर्यंत जवळजवळ सगळे फुकट होते. एक जीबी महिनाभर पुरवणाऱ्याला रोज एक जीबी मिळू लागला. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१६मध्ये, नोटाबंदी झाली. किराणा दुकानांत, टपऱ्यांवर क्यूआर कोडचे कागद चिकटले ते त्यानंतर. ऑनलाइन खरेदीत आष्टीची अडचण नावाची आहे. बीड आणि वर्धा जिल्ह्यांत आष्टी नावाचे तालुके आहेत, सोलापूरच्या मोहोळ तालुक्यात १८१८च्या लढाईची आष्टी आहे. नुसते ‘आष्टी’ लिहून भागत नाही. पार्सल ओळखले जाते पिनकोडवरून. ती सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे कवी होते.

मोबाइलवरच्या खेळांबद्दल घराघरांत मतभेद झाले ते २०१८मध्ये पब्जी आल्यावर. स्वस्त फोनवर तो हँग होई, फोन तापे. म्हणून कमी रॅमवर चालणारा फ्री फायर खेड्यात जास्त रुजला. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या आईबापांनी फोन लपवून ठेवला होता त्यांनाच तो अभ्यासासाठी मुलांच्या हाती द्यावा लागला. फोन नसलेल्या मुलांसाठी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागे. अर्थात लाइट असेल तर. सप्टेंबर २०२०मध्ये पब्जीवर आणि फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायरवर केंद्राने बंदी घातली. मुले दुसऱ्या नावाच्या आवृत्तीकडे वळली. पैसे लावून खेळायची रमी आणि क्रिकेटचे संघ हा मोठ्यांचा नाद होता आणि त्याची चर्चा दबक्या आवाजात चाले. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने असे खेळ बंद झाले.

सरकारी कामे फोनवर आल्यावर ‘सर्व्हर’ हा शब्द बोलीत शिरला. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. फोन नसलेल्यांचा विचार करून आरंभी एका मोबाइलवरून २० खातेदारांची नोंदणी करण्याची मुभा होती, म्हणजे पीसीओसारखाच एका यंत्रावर बऱ्याच जणांचा कारभार. पीकविम्याची मुदत संपत आली की सामाईक सुविधा केंद्रापुढे रांग लागते आणि ‘सर्व्हर चालना’ हे उत्तर दिवसभर ऐकावे लागते. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा असा, की जेवणखाण आटोपून रात्री अकरानंतर जायचे. त्या वेळी साइट मोकळी असते.