हवेच्या चाकाचा सांगाती

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव बसवितांना लोहार ती तापवून लाल करतो, चाकावर चढवितो आणि वर पाणी ओततो. धांव आकसते आणि चाक पक्कें बांधलें जातें. पुढें त्या धांवेला रोज कांहीं खाऊं घालावें लागत नाहीं. हवेच्या चाकाचें तसें नाहीं. तें मऊ आहे, वेगवान आहे, परंतु परावलंबी आहे. त्याच्या पोटांतील हवा हळूहळू झिरपत असते, आणि ती पुन्हां भरणारें साधन जवळ नसेल तर मोलाची मोटारहि रस्त्याच्या कडेला पांगळी होऊन बसते. म्हणून हवेच्या चाकाचा इतिहास हा त्याच्या पंपाचाहि इतिहास आहे. अलीकडे बाजारांत आलेला, पिशवींत मावणारा, बॅटरीवर चालणारा पंप ज्यांना विकत घ्यावयाचा आहे, त्यांना हा इतिहास उपयोगीं पडण्यासारखा आहे.

पहिला मान रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनियराचा. स्टोनहेवन गांवीं जन्मलेल्या या तरुणानें १८४५ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें. रबर लावलेल्या कापडाचा पोकळ पट्टा, त्यावर चामड्याचें वेष्टन, हवा आंत सोडण्यासाठीं एक नळी आणि तिच्या तोंडावर हवाबंद बसणारें आट्यांचें टोपण, अशी त्याची रचना होती. १८४७ मध्यें लंडनच्या रीजंट पार्कांत अशीं चाकें लावलेली घोडागाडी धांवली. घोड्याचे श्रम कमी झाले आणि गाडीचा खडखडाट जवळजवळ थांबला. तरीहि ही युक्ति चाळीस वर्षें विस्मृतींत गेली. रबर महाग होतें, आणि घोड्याच्या चालीनें जाणाऱ्या गाडीला एवढा खटाटोप परवडण्याजोगा नव्हता. थॉमसन स्वतःच पुढें भरीव रबराच्या चाकांकडे वळला. अशा चाकांच्या त्याच्या वाफेच्या रस्तागाड्या १८७० च्या सुमारास हिंदुस्थानांतहि आल्या. क्रॉम्प्टन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें त्या येथें चालवून पाहिल्या. परंतु त्या चाकांत हवा नव्हती, म्हणून त्यांना पंपहि लागत नव्हता.

हवेच्या चाकाला दुसरा जन्म दिला तो बेलफास्टच्या एका पशुवैद्यानें. जॉन बॉइड डनलॉप याचा लहान मुलगा तीनचाकी सायकलीवर बसे, आणि दगडी रस्त्यावर त्याचीं हाडें खिळखिळीं होत. १८८७ सालीं डनलॉपनें एका लांकडी तबकडीभोंवतीं रबराची नळी बसविली, ती कापडाच्या पट्ट्यांनीं आवळली आणि फुटबॉलच्या पंपानें तींत हवा भरली. मग भरीव रबराचें जुनें चाक व हें नवें चाक त्यानें आवारांत एकामागून एक गडगडत सोडलें. जुनें मध्येंच आडवें पडलें. नवें आवाराच्या टोकाला जाऊन आदळलें. १८८८ मध्यें त्याला पेटंट मिळालें. मे १८८९ मध्यें विल्यम ह्यूम या सायकलस्वारानें या चाकांवर बेलफास्ट येथील शर्यती जिंकल्या, तेव्हां त्या जाड चाकांना हंसणारांचीं तोंडें बंद झालीं. पुढें थॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आलें आणि डनलॉपचा हक्क रद्द ठरला. परंतु तोंपर्यंत सायकलीच्या दांडीला पंप अडकवून फिरणें ही रीत होऊन गेली होती.

पंप होता, पण पंक्चरचें काय? डनलॉपचें टायर चाकाला चिकटविलेलें असे. १८८९ मध्यें असेंच एक फुटलेलें टायर फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथें मिशेलिन बंधूंच्या कारखान्यांत आलें. तें काढून जोडण्यास तीन तास लागले आणि डिंक वाळण्यास रात्र गेली. त्यावरून बोध घेऊन त्यांनीं सहज काढतां-घालतां येणारें टायर तयार केलें. १८९१ सालीं शार्ल तेराँ यानें तें लावून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारें १,२०० किलोमीटरची शर्यत बहात्तर तासांच्या आंत जिंकली. १८९५ मध्यें पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत या बंधूंनीं हवेचीं चाकें लावलेली मोटार स्वतः चालविली. वाटेंत टायरें वारंवार फुटलीं. तरी ती गाडी परत पॅरिसला पोंचली. याच काळांत, १८९३ सालीं, अमेरिकेंत श्रेडर यांचा व्हॉल्व्ह पुढें आला. पंप लावतांच उघडणारा आणि काढतांच आपोआप मिटणारा हा चिमुकला दरवाजा आजहि जगांतील बहुतेक मोटारींच्या चाकांत बसलेला आहे.

मोटारी वाढल्या तसा पंप मात्र चालकाच्या हातांतून सुटला. सायकलीच्या नळींत हवा असते ती दोन-अडीच लिटर. मोटारीच्या टायरांत सुमारें तीस लिटर. हाताच्या किंवा पायाच्या पंपानें तेवढी हवा भरणें म्हणजे घाम गाळणें होय. म्हणून पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर आणि रस्त्याच्या वळणावरचा पंक्चरवाला हेच मोटारीचे पोशिंदे झाले. पुढें गाडींतील बारा व्होल्टच्या विजेवर चालणारे छोटे पंप निघाले. त्यांची तार मागल्या चाकापर्यंत पोंचेल कीं नाहीं ही कटकट असे. १९९१ सालीं लिथियम-आयन बॅटरी प्रथम विक्रीला आली आणि कालांतरानें तीहि तार गेली. सव्वाशे वर्षांपूर्वीं सायकलस्वाराला जें स्वातंत्र्य होतें तें मोटारवाल्याला परत मिळालें.

परंतु हवा भरणें हा अर्धाच प्रश्न आहे. किती भरावी हा खरा प्रश्न. २००० सालीं अमेरिकेंत फायरस्टोन कंपनीला सुमारें पासष्ट लाख टायरें परत मागवावीं लागलीं. तीं बहुधा फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होतीं, आणि त्यांच्या अपघातांत दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. टायरांच्या घडणींत दोष होताच. पण गाडीच्या कारखान्यानें त्यांत २६ पौंडच हवा सांगितली होती, ३० पौंड हवी होती, असाहि वाद दोन्ही कंपन्यांत माजला. चार पौंडांचा हा वाद क्षुल्लक नव्हता. हवा कमी असली कीं टायरची कूस अधिक वांकते, वांकण्यानें तापते आणि तापलेले थर सुटूं लागतात. त्याच वर्षीं तेथें कायदा झाला आणि पुढें प्रत्येक नव्या मोटारींत चाकांचा दाब दाखविणारें यंत्र सक्तीचें झालें. भारतांत २०२० मध्यें नियम बदलले. असें यंत्र व पंक्चर बुजविण्याचें साहित्य असेल तर लहान मोटारींना पांचवें चाक ठेवण्याची सक्ति उरली नाहीं. ज्या गाडींत पांचवें चाक नाहीं, तिच्यांतील पंप ही चैन नव्हे. जून २०२५ मध्यें पूर्ण खुला झालेल्या, ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धि महामार्गावर भर उन्हांत तासन् तास एका वेगानें जाणाऱ्या कुटुंबाला हें निराळें सांगावयास नको.

आतां निवडीकडे वळावें. दुकानदार पंपाच्या खोक्यावरील १५० पौंडांचा आंकडा मोठ्या अभिमानानें दाखवितो. मोटारीला लागतात ३० ते ३५ पौंड. तो मोठा आंकडा शर्यतीच्या सायकलीच्या कामाचा. मोटारवाल्यानें पाहावयाचें तें हें कीं, पंप मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि एका भरणींत बॅटरी किती चाकें भरते. दुसरी गोष्ट उष्णतेची. हवा दाबली कीं तापते. सायकलीचा पंप मारतांना त्याचें बूड हाताला चटका देतें, हा अनुभव पुष्कळांचा आहे. लहान पंपाचें नळकांडेंहि असेंच तापतें, म्हणून तो सलग किती मिनिटें चालवावा आणि किती विसांवा द्यावा हें पुस्तिकेंत स्पष्ट लिहिलेलें असावें. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाबमापकाचा खरेपणा. ठरविलेल्या आंकड्याला आपोआप थांबणारा पंप सोयीचा खरा, पण त्याचा कांटाच खोटा असेल तर ती सोय घातक. नवा पंप आणल्यावर त्याचा आंकडा एखाद्या भरंवशाच्या मापकाशीं ताडून पाहावा आणि फरक मोठा असेल तर तो परत करावा.

वापराचे नियमहि थोडेच आहेत. गाडी चालविण्यापूर्वीं, चाकें थंड असतांना दाब मोजावा. तापलेल्या टायरांतील वाढीव आंकडा पाहून हवा सोडूं नये. आंकडा घ्यावयाचा तो चालकाच्या दाराजवळील पाटीवरचा. टायरच्या कुशीवर कोरलेला आंकडा ही सहनशक्तीची सीमा आहे, सल्ला नव्हे. पंप उन्हांत तापणाऱ्या गाडींत महिनोन् महिने टाकून देऊं नये, आणि दोन-तीन महिन्यांनीं त्याची बॅटरी भरून घ्यावी. थॉमसनच्या चाकाला टोपण होतें, डनलॉपच्या चाकाला पंप होता. परंतु आंत किती हवा आहे हें सांगणारा खरा कांटा त्या दोघांजवळ नव्हता. तो आज ज्याच्या हातांत आहे त्यानें महिन्यांतून एकदां सकाळीं पांच मिनिटें खर्चून चारी चाकांना लावावा.