जुन्या गोव्यातील शवपेटी

संतांचा देह भूमीत ठेवून त्यावर समाधी उभारण्याची परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. राहाता तालुक्यातील शिर्डीत साईबाबांचे १९१८ साली महानिर्वाण झाले. बुट्टी वाड्यात दर्शन होते ते समाधीचे. देह दिसत नाही. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेत मात्र पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा देह आजही जतन केलेला आहे.

हा देह सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा. १५४२ मध्ये गोव्यात आलेल्या या धर्मोपदेशकाचे ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगचुआन बेटावर निधन झाले. अस्थी लवकर नेता याव्यात म्हणून दफनाच्या वेळी पेटीत चुना घालण्यात आला. काही आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा देह शाबूत होता. तेथून तो मलाक्का येथे आणि १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला. भाविकांनी यास चमत्कार मानले. चुन्यामुळे विघटन वेगाने होते, हा समज मात्र नेहमीच खरा ठरत नाही. अनेकदा ते मंदावते, असे आधुनिक संशोधन सांगते.

झेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील कापुचिन मठाच्या तळघरात मृत साधूंचे देह खेळत्या हवेमुळे आपोआप सुकले. गोव्याच्या दमट हवेत अशी अनुकूलता नाही. शिवाय अवशेष म्हणून काही भाग काढले गेले; उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये रोमला पाठविण्यात आला. आज हा देह आक्रसलेला आहे.

येशू संघाच्या हद्दपारीनंतर देह हलविल्याची अफवा पसरली. तिचे निरसन करण्यासाठी १७८२ मध्ये पहिले जाहीर शवप्रदर्शन झाले. पूर्वी भाविकांना पायांचे चुंबन घेता येई. आता देह काचेच्या पेटीत असतो. हा सोहळा साधारणतः दर दहा वर्षांनी होतो. मागील सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. त्यावेळी शवपेटी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेण्यात आली होती.

एरवी ती गोव्याच्या कारागिरांनी सतराव्या शतकात घडविलेल्या चांदीच्या मंजूषेत, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने दिलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर उंच ठेवलेली असते. खालून देह अंधुकच दिसतो. पणजीहून सुमारे दहा किलोमीटरवरील या जागतिक वारसा स्थळी जाणाऱ्याने हे अंतर मान्य करावे. पाहण्याच्या ओढीनेच या देहाची झीज झाली आहे; दुरून घेतलेले दर्शन हाच त्याच्या जतनाचा मार्ग आहे.