सौरघर

सौरघर : राहत्या घराला लागणाऱ्या ऊर्जेचा बराचसा भाग सूर्याकडून मिळवणारे आणि मुळात ती ऊर्जा कमी लागावी अशा बेताने बांधलेले किंवा सुधारलेले घर. गच्चीवर पॅनेल चढले की घर सौर झाले, असे सर्रास मानले जाते. पण ज्या घराचा स्लॅब दिवसभर तापतो, पंखे जुने आहेत आणि अंघोळीचे पाणी गिझरवर तापते, तिथले पॅनेल बहुतांशी उधळपट्टीच भागवत राहते. म्हणून या नोंदीत घराचा विचार आधी आणि पॅनेलचा नंतर केला आहे.

इतिहास : सूर्याच्या उष्णतेवर घर चालवण्याचे सुरुवातीचे पद्धतशीर प्रयोग थंड देशांत झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॉइट हॉटेल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३९ मध्ये एक सौरघर उभारले गेले. छतावरच्या काचपेट्यांत तापलेले पाणी तळघरातल्या मोठ्या टाकीत साठवायचे आणि त्यावर हिवाळ्यात घर उबदार ठेवायचे, अशी त्याची रचना होती. त्याच राज्यात डोव्हर येथे १९४८ मध्ये तीन स्त्रियांनी मिळून दुसरा, अधिक धाडसी प्रयोग केला : उष्णता साठवण्याची युक्ती मूळच्या हंगेरियन असलेल्या मारिया टेल्केस यांची, वास्तुरचना एलिनॉर रेमंड यांची आणि पैसा अमेलिया पीबॉडी यांचा. सुमारे ३२° से. तापमानाला वितळणारे ग्लॉबर मीठ डब्यांत भरून भिंतींच्या आड ठेवले होते. दिवसा ते वितळताना उष्णता शोषी आणि रात्री गोठताना परत देई. काही हिवाळ्यांनंतर मिठाचे थर वेगळे होऊ लागले आणि घरात नेहमीची शेगडी आली. तरी पदार्थाच्या वितळण्या-गोठण्यातून उष्णता साठवण्याची ही कल्पना आजही वापरात आहे.

विजेचा मार्ग १९५४ मध्ये मोकळा झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौरघट तयार केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेची वीज होई. आजच्या घरगुती पॅनेलांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले आहे. जर्मनीत मात्र वेगळाच धागा पकडला गेला. डार्मस्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये राहते झालेले ‘पासिवहाउस’ भिंतींचे जाड उष्णतारोधन आणि फटीविरहित बांधणी यांवर उभे होते. अशा घराला तापवण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटांहून जास्त ऊर्जा लागू नये, ही त्याची कसोटी पुढे जगभर गेली.

या प्रयोगांपुढचा प्रश्न एकच होता : ऊन घरात कसे आणावे आणि ऊब कशी धरून ठेवावी. महाराष्ट्रात प्रश्न नेमका उलटा आहे. इथे ऊन छतावरच अडवायचे आणि तिथेच कामाला लावायचे. परदेशी सौरघरांचे काचेच्या मोठमोठ्या भिंती असलेले नकाशे आपल्याकडच्या बंगल्यांसाठी उचलले जातात, तेव्हा पश्चिमेच्या काचेतून आलेली दुपार बाहेर काढायला एसी लावावा लागतो. याला सौरघर म्हणणे धाडसाचे आहे.

उन्हाला बाहेर ठेवणारे घर : जुन्या बांधकामात ही जाण होती. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि भोवताली पडवी. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाई आणि पडवीमुळे मूळ भिंतीला ऊन लागत नसे. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत छतावर मातीचा जाड थर असे, त्यामुळे दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होई. वाड्यातला चौक उजेड आणि वारा दोन्ही देई. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून वारा गार करीत. आजचा कूलर हे त्याचेच पंखा लावलेले रूप. कोरड्या हवेत तो एसीच्या मानाने फारच कमी विजेत काम भागवतो, कोकणच्या दमट हवेत मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

सिमेंटचा स्लॅब आल्यावर हे सारे मागे पडले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मे महिन्यात रात्री दहा वाजताही छताची धग का जाणवते, याचे उत्तर स्लॅबने दिवसभर साठवलेल्या उष्णतेत आहे. उपाय महागडे नाहीत. गच्चीला चुन्याचा किंवा परावर्तक पांढरा रंग, चायना मोझाइक, विटांच्या तुकड्यांचा कोबा, पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा किंवा वेल, आणि समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या एवढ्याने फरक पडतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त भिंती, छत आणि खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी आणि खिडक्यांचा किती भाग उघडता यावा, याच्या मर्यादा ठरवल्या आहेत. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘ग्रीन’ हा शब्द दिसला तर या संहितेची पूर्तता झाली आहे का, हे विचारण्यासारखे आहे.

वापर : हिशेब करून पाहावा. जुना छतपंखा साधारण ७५ वॅट खातो. असे चार पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला ३.६ युनिट, म्हणजे महिन्याला १०८ युनिट होतात. बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. तेवढ्याच वापराला महिन्याला ४३ युनिट पुरतात. वाचले ६५. एक किलोवॅटचे पॅनेल महिन्याला सरासरी १२० युनिट देते. म्हणजे चार पंखे बदलणे हे अर्धा किलोवॅट पॅनेल बसवल्याच्या बरोबरीचे झाले, आणि तेही गच्चीवर न चढता. शिवाय महावितरणचा घरगुती दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचलेले युनिट सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. फ्रिज किंवा एसी घेताना नुसते तारे मोजू नयेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या या तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुना पाचतारांकित एसी आजच्या मोजमापात खाली घसरतो. लेबलवर छापलेला वर्षाचा युनिटवापर आणि लेबलचा काळ पाहणे अधिक खात्रीचे.

पाणी तापवण्यासाठी सौर बंब हा पॅनेलहून सरस मार्ग आहे, कारण उन्हाची आधी वीज आणि मग विजेची उष्णता हा वळसा त्यात टळतो. काचनळ्यांचा बंब स्वस्त पडतो. तांब्याच्या सपाट पेटीचा टिकाऊ. बोअरचे क्षारयुक्त पाणी दोघांनाही मारक आहे, विशेषतः तांब्याच्या बारीक नळ्यांना. आणखी एक खोट रोज सकाळी दिसते : गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतच्या नळात रात्रभर गार झालेले पाणी आधी वाहून जाते आणि गरम पाणी येईतो बादली अर्धी भरते. बांधकामाच्या वेळीच गरम पाण्याचा नळ जवळून नेऊन त्याला उष्णतारोधक आवरण घातले की हे पाणी वाचते. पावसाळ्यात बंबाला विजेच्या कॉइलची जोड लागतेच.

छतावरील वीज : महाराष्ट्रात पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, स्थळाच्या अक्षांशाच्या आसपास, म्हणजे १५ ते २२ अंशांच्या कलाने बसवतात. एका किलोवॅटला सुमारे १०० चौ. फूट मोकळी जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरता दिवसाला चार युनिट मिळतात. आषाढ-श्रावणात त्याहून बरेच कमी. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची कागदोपत्री क्षमता २५° से. तापमानाची असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. मे महिन्यात दुपारी पॅनेल ६०° से. पर्यंत तापले की बारा टक्क्यांच्या आसपास वीज तिथेच जाते. याहून मोठी चोरी सावली करते. पाण्याच्या टाकीची, नारळाची किंवा शेजारच्या नव्या टॉवरची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी पडली, तरी घट एकमेकांना ओळीने जोडलेले असल्यामुळे सावलीच्या आकाराहून किती तरी जास्त नुकसान होते. धूळ आणि कबुतरांची विष्ठा पहाटे, पॅनेल गार असताना धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

गच्चीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न घरात आणि सोसायटीत दोन्हीकडे उद्भवतो. कुरडया, पापड, सांडगे यांच्या वाळवणाची जागा पॅनेलने खाल्ली की उन्हाळ्यात कुरबूर ठरलेली. सात-आठ फूट उंच सांगाड्यावर पॅनेल बसवले तर खाली सावलीची जागा मिळते. खर्च वाढतो, आणि वादळवाऱ्याचा विचार करून पाया भक्कम घालावा लागतो.

घराची प्रणाली वीज कंपनीच्या जाळ्याला जोडून नेट मीटर बसवतात. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री बाहेरची आत येते आणि बिलात वजाबाकी होते. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मात्र घरगुती दर मिळत नाही, वेगळा आणि कमी दर मिळतो. गरजेपेक्षा मोठी प्रणाली बसवण्यात म्हणून फायदा नसतो. बिल शून्यावर येईल असे विक्रेते सांगतात, पण स्थिर आकार भरावाच लागतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांना प्रणाली बसल्यानंतर कळते : बाहेरची वीज गेली की लख्ख उन्हातही घरातली सौरवीज बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला मागून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून पॅनेलची वीज घरगुती विजेत बदलणारा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. हा दोष नसून सुरक्षेची सोय आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरे हे तिचे लक्ष्य असून मंजूर खर्च ७५,०२१ कोटी रुपये आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले. सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये आहेत. गुजरातमधील मोढेरा हे ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रात पहिल्या सौरग्रामाचा मान २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडीला मिळाला.

स्वयंपाकघर आणि कचरा : सूर्यावर अन्न शिजवण्याचा एक जुना प्रयोग मुंबईचाच आहे. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरसे जोडून सूर्यचूल तयार केली आणि उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असे मांडणारे पुस्तक १८७८ मध्ये प्रसिद्ध केले. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ पासून आरशांच्या तबकड्यांवर वाफ तयार करून स्वयंपाक करण्याची मोठी व्यवस्था झाली. घरोघरी मात्र सूर्यचूल रुळली नाही. डाळ-भात तिच्यावर छान शिजतो, पण पोळी आणि फोडणी होत नाही, आणि मराठी घरात सकाळचा डबा ऊन वर येण्याआधीच भरावा लागतो. ओल्या कचऱ्याचा गॅस हा त्याहून व्यवहार्य मार्ग ठरला आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी खरकटे, पिठूळ आणि साखरयुक्त पदार्थ वापरणारे घरगुती आटोपशीर बायोगॅस संयंत्र विकसित केले; त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

सौरघराचाही कचरा होतो. पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर आणि बॅटरी त्याआधीच बदलाव्या लागतात. काच, अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि थोडी चांदी असलेले हे पॅनेल भंगारवाल्याला विकायचे नसते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत सौर पॅनेलांचाही समावेश आहे.