वाताच्या गाठोड्यातला एक ताप

सांधा धरला की ‘वात आला’ म्हणायचे आणि निर्गुडीच्या पाल्याने शेकायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. शेकाने बरे वाटते, यात शंका नाही. पण वात हे काही एका रोगाचे नाव नव्हे. ते एक मोठे गाठोडे आहे. त्यातले एकेक दुखणे निवडून त्याला स्वतःचे नाव द्यायला वैद्यकशास्त्राला फार वर्षे लागली, आणि त्या इतिहासातली काही पाने आपल्याच मुलखात लिहिली गेली.

१९५२ साली आफ्रिकेत टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, तापाची एक साथ आली. सांध्यांच्या कळांनी माणसे वाकून गेली. मकोंदे लोकांच्या भाषेत त्या तापाला नाव पडले ‘चिकुनगुन्या’ : वाकवून टाकणारा. १९६३ मध्ये तो कलकत्त्यास दिसला, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीस आला. पुढे तीसेक वर्षे मोठी साथ नाही. लोक नावही विसरले. मात्र २००० साली दौंड तालुक्यातल्या यवत येथे पकडलेल्या डासांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला हा विषाणू मिळाला होता. २००६ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत साथ उसळली, तेव्हा उलगडा झाला : बार्शीचा विषाणू आशियाई कुळीचा होता, यवतचा आणि नव्या साथीचा आफ्रिकी.

ताप काही दिवसांत उतरे, पण मनगटे, बोटे, घोटे धरलेलेच राहत. अशा वेळी निदानाची सुरुवात साध्या प्रश्नांनी होते. सांधे दुखण्याआधी ताप आला होता का? तो एकाएकी चढला का? घरात, आळीत आणखी कोणाला तसेच झाले का? मग रक्ततपासणी. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणूच शोधतात. पुढे त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे.

असल्याच प्रश्नांनी अमेरिकेतही एक रोग उजेडात आला. १९७५ साली कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावच्या परिसरात पुष्कळ मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर त्याला लहानपणचा संधिवात म्हणत. पण एवढ्याशा गावात इतकी मुले कशी, हे कोडे दोन आयांनी लावून धरले. ॲलन स्टीअर यांनी तपास केला. ३९ मुले आणि १२ मोठी माणसे आढळली. काहींना आधी अंगावर उठलेला, पसरत गेलेला लाल चट्टा आठवला. १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडांत सापडलेला जंतू जगापुढे मांडला.

सूज सारखी दिसली तरी उपाय निराळे. लाइमचा सांधा प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो. चिकुनगुन्याच्या विषाणूवर नेमके औषध नाही. विश्रांती आणि वेदनाशामके घेत बहुतेक जण काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात, काहींना वर्षेही लागतात. वेदनाशामकही डेंगी नाही याची खात्री करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ॲस्पिरिनसारख्या गोळीने डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि खरा आमवात असला, तर उपचाराच्या दिरंगाईने सांधे कायमचे वाकडे होतात.

आमच्या पेठेकडे, सातगाव पठारावर, बटाटा काढणाऱ्या हातांना दुखणे नवे नाही, म्हणूनच ते सहज दुर्लक्षिले जाते. हा रोग पसरवणारा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो; तेव्हा पिंप, रांजण आठवड्यातून एकदा कोरडे करावेत. आणि दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीने आईची बोटे चकलीच्या सोऱ्याशी अडखळताना पाहिली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मध्यंतरी ताप आला होता का, एवढे विचारावे आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे.