थर्मासचं पहिलं अक्षर

दवाखान्यात कुणाला चहा न्यायचा असला की घरातून आवाज येतो, "थर्मास घेतलास का?" तो कुठल्या कंपनीचा, हे कुणी विचारत नाही. याच सवयीपायी अमेरिकेतल्या एका कंपनीने आपल्या नावावरचा एकट्याचा हक्क गमावला.

वस्तू चहासाठी जन्मलेलीच नव्हती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर यांना द्रवरूप केलेले अतिथंड वायू टिकवायचे होते. 1892 मध्ये त्यांनी काचेच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. त्या पोकळीतून उष्णता सहज ये-जा करीत नाही. पेटंट त्यांनी घेतलं नाही. बर्लिनच्या राइनहोल्ड बुर्गर या काच कारागिराने ती नाजूक बाटली धातूच्या कवचात बसवली, आणि 1904 मध्ये ग्रीक 'थर्मे', म्हणजे उष्णता, यावरून तिचं 'थर्मॉस' असं बारसं झालं.

अमेरिकेत 1907 पासून थर्मॉस बनवणाऱ्या कंपनीने हे नाव जीव तोडून गाजवलं. आपलं नाव घराघरातला शब्द झालाय, असं तिच्याच 1910च्या कॅटलॉगात अभिमानाने छापलं होतं. पुढे अलाद्दीन इंडस्ट्रीज या दुसऱ्या कंपनीने आपल्या बाटलीलाही 'थर्मॉस' म्हणायचं ठरवलं, तेव्हा थर्मॉस कंपनी कनेक्टिकटच्या फेडरल कोर्टात गेली. तिथे लोकांची पाहणी पुढे आली: अशी बाटली ठाऊक असलेल्यांपैकी सुमारे 75 टक्के तिला थर्मॉसच म्हणत, तर हा ट्रेडमार्क आहे, हे जेमतेम 12 टक्के लोकांना माहीत होतं.

1962 मध्ये न्यायाधीश अँडरसन यांनी शब्द लोकांचा ठरवला. पण कंपनीला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, आणि मला या निकालाचं मोल इथेच वाटतं. अलाद्दीनने शब्दाआधी स्वतःचं नाव लावायचं, 'अस्सल' किंवा 'मूळ' म्हणायचं नाही, आणि पहिलं अक्षर, म्हणजे इंग्रजी 'टी', लहान लिपीतच काढायचं. मोठ्या 'टी'चे काही ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिले. 1963 मध्ये अपिलातही हाच निकाल कायम झाला.

मराठीत ही वाटणी करताच आली नसती. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही. शिवाय आपण उच्चारही आपल्या जिभेला सोयीचा करून घेतला, 'मॉस'चा 'मास' केला. आतली काच फुटली की दुकानात जाऊन आपण थर्मासचीच काच मागतो.