नकाशा वाकला, आकडा नाही

पॅरिस, १८६६. तुमच्यासमोर शिळाछापाचा मोठा ताव पसरलाय. शाईचा वास अजून ताजा आहे. त्यावर जगाचे तीन नकाशे: १८५८, १८६४ आणि १८६५ सालचे. युरोपात कच्चा कापूस कुठून आणि किती आला, एवढंच ते सांगतात. काढणारे शार्ल जोसेफ मिनार, पूल-रस्ते खात्यातले निवृत्त अभियंते, वय पंच्याऐंशीच्या घरात.

हातातली पट्टी पहिल्या नकाशावर ठेवा. दर पाच हजार टनांना एक मिलिमीटर रुंदी. अमेरिकेहून इंग्लंडला जाणारा निळा पट्टा एखाद्या महानदासारखा अटलांटिक ओलांडतोय. आता १८६४ कडे सरका. तो पट्टा आटलाय. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलंय, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झालीय. सुएझचा कालवा अजून खुला व्हायचाय. हिंदुस्थानातून निघालेला पट्टा आफ्रिकेला वळसा घालतोय आणि चांगलाच फुगलाय.

त्या पट्ट्यावर बोट ठेवून उगमाकडे चला. १८६४ चं कुलाबा. कॉटन ग्रीनवर गाठींच्या थप्प्या, नाकातोंडात जाणारी कापसाची तूस, खंडीच्या भावावरून चाललेली घासाघीस. तुम्ही थप्प्यांमध्ये उभे आहात, म्हणून तुम्हाला थप्प्याच दिसतात. अमेरिकेतल्या तोफा आणि लँकेशायरच्या उपाशी गिरण्या इथून दिसत नाहीत. ते सारं एका नजरेत दिसतं त्या कागदावर.

कागदाशी परत या आणि आता किनारे निरखा. पट्ट्यांना वाट मिळावी म्हणून मिनार यांनी समुद्राच्या चिंचोळ्या जागा ओढून रुंद केल्यात. भूगोल त्यांनी वाकवला, रुंदीचं माप मात्र जपलं. या तावावर काय खरं राहिलंच पाहिजे, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

तुमच्या टेबलावर परत या. पडद्यावर अर्धवट इन्फोग्राफिक आहे, शेजारी जमवलेल्या देखण्या नमुन्यांची रास. ती रास क्षणभर बाजूला सारा. तुमच्या चित्रात काय खरं राहिलंच पाहिजे? ते एका वाक्यात लिहा. मग मिनार यांची पट्टी चित्रावर ठेवा. प्रत्येक जाडी, प्रत्येक रंग कशाचं माप आहे ते विचारा. ज्याला उत्तर नाही ते पुसा. उरलेल्याला हवी तेवढी जागा करून द्या, त्यासाठी किनारा सरकवावा लागला तरी.