देवराई ते ग्रामसभा
पुण्यात १९४२ साली जन्मलेले माधव गाडगीळ हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांसोबत सह्याद्रीतील देवराया धुंडाळू लागले. लोकश्रद्धेने राखलेली ही राने जैववैविध्याची ठेव आहेत, हे दोघांच्या १९७६ च्या निबंधाने अभ्यासकांपुढे मांडले. या ज्ञानाचे मूळ धनी गावकरी होते. गाडगीळांचे मराठी लेखन, ‘वारूळ पुराण’सारखे पुस्तक, हे त्या ऋणाची फेडच म्हणावे लागेल. पश्चिम घाटावरील २०११ चा अहवालही ग्रामसभांपुढे लोकभाषेत जावा, असा त्यांचा आग्रह होता. शासनाने तो रोखून धरला. २०१२ मध्ये न्यायालयीन निर्णयानंतर खुला झाला, तोही इंग्रजीत. ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांना ते उमगेल अशा भाषेत परत गेल्यावाचून संशोधन पुरे होत नाही, हा धडा भाषेच्या अध्यापकांनीही गिरवावा.